बर्फ, मागची चाकं आणि माझी लेक



माझ्यासारख्या कोकणातल्या माणसानं बर्फावर बोलावं, हे जरा विचित्रच. आमच्याकडे बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी. मासळीबाजारात तिचा मान मोठा, बाकी तिच्याशी आमचं देणंघेणं नाही. पण जानेवारी 2023 मध्ये मी लेकीकडे, कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेलो आणि आकाशातून पडणाऱ्या बर्फाशी गाठ पडली.

लेक तिथं एका रुग्णालयात परिचारिका आहे. विमानतळावर मला घ्यायला आली ती दोनच माणसं बसतील अशा बसक्या, लाल गाडीतून. माझदा मियाटा, 2007 चं मॉडेल, वापरलेली घेतलेली. माझी एक बॅग डिकीत मावली, दुसरी मी मांडीवर घेतली. बाहेर उणे अठरा तापमान. रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढे बर्फाचे ढीग.

मी विचारलं, "ही मागच्या चाकांवर चालते ना गं?"

"हो अब्बा. आजोबांच्या टॅक्सीसारखी."

हे ऐकून माझी झोप उडाली. का, ते सांगतो. माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवत. काळी-पिवळी पद्मिनी; आम्ही सगळे तिला फियाटच म्हणायचो. या गाडीचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या गाडीची खोड मला ठाऊक होती. रिकामी असली की तिची पाठ हलकी. ओल्या चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरायची. म्हणून पावसाळ्यात गावी येताना वडील डिकीत तांदळाचं पोतं टाकत. ते घरच्यांसाठी असायचं तसं गाडीसाठीही असायचं.

मी गाडी शिकलो ती त्याच फियाटवर. एका आषाढात कुंभार्ली घाट उतरताना वळणावर मागची बाजू बाहेर सरकली. मी घाबरून ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी गर्रकन फिरली आणि तिचं मागचं चाक डोंगराकडच्या गटारात गेलं. दरीकडे गेलं असतं तर आज तुमच्याशी बोलायला मी नसतो. वडील शेजारी बसले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भीती वाटली की पाय दाबायचा नसतो, उचलायचा असतो."

तेव्हा मॉन्ट्रियलच्या पहिल्याच रात्री मी मनाशी ठरवलं, परतण्याआधी पोरीला ही गाडी विकायला लावायची. घरातूनही तशीच सूचना होती.

दुसऱ्या दिवशी विषय काढला. लेक म्हणाली, "अब्बा, आधी टायर बघा, मग बोला." तिनं मला खाली नेलं. टायरच्या कडेवर डोंगराची तीन शिखरं आणि त्यात हिमाचं एक फूल अशी खूण. ही हिवाळी टायरची खूण. आपलं नेहमीचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर तर अशा थंडीत लाकडासारखे होतात. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या शेकडो बारीक चिरा बर्फाला धरतात. क्युबेक प्रांतात 2008 पासून हे टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. आता 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात ते लावावेच लागतात, आणि चारही चाकांना.

"शेजारच्या काकांची मोठी गाडी आहे, चारही चाकांना जोर असलेली," ती म्हणाली. "ती सुटते झटकन. पण थांबायची वेळ आली की सगळ्या गाड्या सारख्याच. थांबवतो तो टायर."

मी म्हटलं, निदान डिकीत वाळूचं पोतं तरी टाक. ती हसली. म्हणाली, "या गाडीचं वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलेलं आहे. मागे पोतं टाकलं तर सुटायला बरं, पण शेपूट एकदा फिरलं की ते वजनच त्याला आणखी फिरवतं." तिच्या डिकीत वाळूची एक छोटी पिशवी होती, पण ती अडकलेल्या चाकाखाली टाकायला. सोबत एक फावडं.

फावड्याचा उपयोग मला चारच दिवसांत कळला. तिथं बर्फ पडला की नांगराची गाडी येते आणि रस्त्यातला बर्फ कडेला लोटते. म्हणजे उभ्या गाडीसमोर बांध तयार! उंच गाडी तो ओलांडून जाते. मियाटाचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर. पोट टेकलं की चाकं अधांतरी फिरत राहतात. मग ते ढीग उचलायच्या आधी रात्री टोइंगची गाडी भोंगा वाजवत फिरते. भोंगा ऐकला की गाड्या हलवायच्या, नाहीतर उचलून नेतात. दोनदा आम्ही बापलेक मध्यरात्री फावडं घेऊन खाली उतरलो. पहिल्या वेळी मी कुरकुरलो. दुसऱ्या वेळी आधी चहा ठेवून गेलो.

एका रविवारी पहाटे ती मला तिच्या ओळखीच्या माणसाच्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात घेऊन गेली. त्याची परवानगी घेतलेली होती. ताज्या बर्फावर तिनं मुद्दाम गाडी घसरवली. "दरवर्षी पहिला बर्फ पडला की मी इथं येते," ती म्हणाली. "गाडी घसरते म्हणजे काय, ते अंगाला कळावं लागतं. हळू सुटायचं, दुसऱ्या गिअरमध्ये. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. गिअर खाली आणून क्लच झटक्यात सोडला तरी मागची चाकं अडतात. आणि घसरलीच, तर जिथं जायचंय तिकडे बघायचं. खांबाकडे बघितलं की गाडी खांबाकडेच जाते."

परत निघायच्या आदल्या आठवड्यात तिला पहाटे कामावर बोलावलं. मीही सोबत निघालो. एका उड्डाणपुलावर रस्ता नुसता ओला दिसत होता. पुलाला थंड हवा वरूनही लागते आणि खालूनही, त्यामुळे तो आधी गोठतो. ते पाणी नव्हतं, काचेसारखा बर्फाचा पापुद्रा होता. गाडीची मागची बाजू डावीकडे सरकली. मला पुलाचा कठडा समोर दिसला. मी जीव खाऊन ओरडलो, "ब्रेक मार!"

तिनं माझं ऐकलं नाही.

ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला, क्लच दाबला, स्टिअरिंग थोडं डावीकडे नेलं, मग सरळ केलं. नजर पुलाच्या टोकावर. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. तिच्या त्या जुन्या गाडीत घसरण सावरणारी यंत्रणा नव्हती. कॅनडात ती नव्या गाड्यांना सक्तीची झाली 2011 मध्ये. जे काही होतं ते तिच्या हातापायांत होतं. गाडी सरळ झाली. बराच वेळ आम्ही दोघं बोललो नाही. तिचे हात मात्र थरथरत होते, ते मी पाहिलं. ती घाबरली नव्हती असं नाही. भीतीला तिनं पायापर्यंत जाऊ दिलं नाही, एवढंच.

रुग्णालयाच्या दाराशी उतरताना म्हणाली, "अब्बा, तुम्ही ओरडलात ना, तेव्हा मला आजोबांचीच गोष्ट आठवली. तुम्हीच सांगितलेली."

गाडी विक, असं मी पुन्हा म्हटलं नाही. धोका संपला म्हणून नव्हे. पुलावरचा बर्फ दर हिवाळ्यात असणारच आहे, आणि मी शेजारी नसणार आहे. पण माझी काळजी तिच्या हातातलं स्टिअरिंग धरू लागली, तर तो तिसरा हात होईल. त्यानं गाडी सावरत नाही.

आता नोव्हेंबर लागला की मी न चुकता फोन करतो. जेवलीस का, झोप होते का, हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न :

"टायर बदललेस का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)