पडद्यावरची शाळा आणि मुलांचे मन

हैदराबाद शहरातील विद्यानगर ही वस्ती नावाप्रमाणेच विद्येच्या शेजाराला वसलेली आहे. एका अंगास लोकल गाड्यांचे लहानसे स्टेशन, तर दुसऱ्या अंगास उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर. एके काळी मराठवाड्यातील कित्येक विद्यार्थी घरदार मागे ठेवून याच विद्यापीठात शिकावयास येत. विद्येसाठी घराचा उंबरठा ओलांडावा लागतो, ही गोष्ट या परिसराच्या अंगवळणी पडलेली होती. मार्च २०२० मध्ये मात्र उलटेच घडले. साथीमुळे शाळांना कुलपे लागली, आणि काही आठवड्यांतच शाळा मुलांच्या घरात, हाताएवढ्या पडद्यावर येऊन बसली.

तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : मुलांना ऑनलाइन शिक्षण आवडते की नाही? प्रश्न सरळ दिसतो. परंतु त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे दिले जाते. पालक म्हणतात, मुलांना मोबाईल हवाच असतो. शिक्षक म्हणतात, मुले पडद्याआड लपतात. या दोन्ही बोलण्यांत तथ्य नाही असे नाही. वर्ग चालू असताना खेळ खेळणारी मुले होतीच. तथापि, मुलाच्या बाजूने हा प्रश्न क्वचितच तपासला जातो.

दुरून शिकविणे ही हैदराबादला नवी गोष्ट नव्हे. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली याच शहरात स्थापन झाले. आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. त्याही पूर्वी, १९७५-७६ या वर्षात, उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्याचा प्रयोग झाला. त्यात तेव्हाचे आंध्र प्रदेश राज्य होते, आणि शाळेतील मुलांसाठी वेगळे कार्यक्रमही होते. परंतु त्या खेड्यांतील मुले संच पाहावयास एकत्र बसत. आणि मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी हा नोकरी, संसार सांभाळून स्वतःच्या इच्छेने शिकणारा प्रौढ मनुष्य. २०२० मधील शाळकरी मुलाला यांपैकी काहीच मिळाले नाही. त्याने ही वाट निवडली नव्हती, आणि शेजारी बसणारा सोबतीही त्याला उरला नव्हता.

तेलंगणात १ सप्टेंबर २०२० पासून दूरदर्शनची यादगिरी वाहिनी व राज्याची टी-सॅट वाहिनी यांवरून सरकारी शाळांतील मुलांसाठी पाठ सुरू झाले. अनेक खाजगी शाळांनी मोबाईलवर प्रत्यक्ष वर्ग घेतले. परंतु सोय उभी राहिली म्हणजे ती प्रत्येकाच्या हाती पडतेच असे नाही. एन.सी.ई.आर.टी. या संस्थेने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत किमान २७ टक्के विद्यार्थ्यांजवळ स्मार्टफोन अथवा लॅपटॉप नसल्याचे आढळले. पुढच्या वर्षी ‘असर’ या ग्रामीण पाहणीने आणखी एक गोष्ट दाखविली : ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांपैकीही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन घरात असणे आणि मुलाच्या हातात असणे, या दोहोंत बरेच अंतर आहे.

विद्यानगरसारख्या वस्तीतील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. दोन खोल्या, दोन मुले आणि फोन एकच. तोही वडील कामावर जाताना घेऊन जाणार. घरात मराठी, दारात तेलुगू आणि पडद्यावर इंग्रजी. एका खोलीत आजोबा अंथरुणावर, दुसरीत आईच्या फोडणीचा आवाज. अशा घरातील मुलगी आपला कॅमेरा बंद ठेवते, तेव्हा ती आळशी असतेच असे नाही. मागच्या भिंतीचा उडालेला रंग, दोरीवर वाळत घातलेले कपडे मैत्रिणींना दिसू नयेत, एवढीच तिची इच्छा असू शकते. शाळेत सर्वांचा गणवेश एक आणि बाक एक. तेथे कोणाचे घर कोणाला दिसत नाही. पडद्यावर मात्र प्रत्येकाचे घर वर्गात येऊन उभे राहते.

याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. भर वर्गात उभे राहून विचारण्याचे धैर्य ज्याला होत नाही, असा बुजरा मुलगा आपली शंका दोन ओळींत लिहून पाठवू लागला. न समजलेले गणित मुद्रित पाठातून तीनदा पाहता येऊ लागले. बालभारतीची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येत असल्याने परप्रांतात वाढणाऱ्या मुलालाही मराठीचे क्रमिक पुस्तक घरबसल्या उघडता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापण्यासारख्या कार्याबद्दलच. परंतु तेथे यंत्र पुस्तकाला आणि शिक्षकाला जोडलेले होते. त्यांच्या जागी बसविलेले नव्हते.

मुलांना उणीव भासली ती नेमकी कशाची? शिकविणे तर पडद्यावरही होत होते. उणीव होती ती कोणीतरी आपल्याकडे पाहत असल्याची. वर्गात फिरणारा शिक्षक वहीवर ओझरती नजर टाकतो आणि हातचा धरावयाचा राहिल्याचे बोट ठेवून दाखवितो. न समजल्याची आठी त्याला मुलाच्या कपाळावर दिसते. शब्दांची वाट पाहावी लागत नाही. शुभवर्तमानातील उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. रोजची हजेरी हीही तशीच एक हाक आहे. चाळीस लहान चौकटींच्या गर्दीत ती हाक पुष्कळदा हरवली, आणि मग मूलही हरवले.

या हानीचे माप वयाप्रमाणे वेगळे पडले. तेलंगणात नववी-दहावीचे वर्ग १ फेब्रुवारी २०२१ रोजी उघडले आणि मार्चअखेर पुन्हा बंद झाले. प्राथमिक वर्ग तर १ सप्टेंबर २०२१ पर्यंत उघडलेच नाहीत. म्हणजे २०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले मूल दुसरीत गेले, तरी पहिलीच्या बाकावर एक दिवसही बसले नव्हते. अक्षर गिरविताना ज्याच्या हातावर कोणाचा हात आला नाही, त्याला ‘ऑनलाइन शिक्षण आवडले का?’ असे विचारणे व्यर्थ होय.

आज शाळा भरल्या आहेत. तरी अतिवृष्टीची सुटी पडली की पुष्कळ घरांत फोनवर गृहपाठ येऊन पडतो. ही सोय आता जाणारी नाही, आणि जावी असेही नाही. मात्र तिचा उपयोग करताना काही साध्या गोष्टी पाळता येतील. कोणाच्या घरी फोन केव्हा मोकळा असतो, हे शिक्षकाने आधी विचारून घ्यावे. बंद कॅमेऱ्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याचे कारण एकांतात समजून घ्यावे. प्रत्येक मुलाचे नाव दिवसातून एकदा तरी उच्चारले जावे, आणि वही पुढे शाळेत हाताने तपासली जावी. पालकांनीही मुलाजवळ घटकाभर बसावे. त्यांना धडा येत नसला तरी चालेल.

मुलांचे मत समजून घ्यावयाचे असेल, तर ‘तुला काय आवडते?’ या प्रश्नाआधी ‘तुला काय अडते?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. विद्यानगरच्या रस्त्यावरून सकाळी दप्तरे पाठीला लावून निघालेल्या मुलांपैकी कित्येकांना तो प्रश्न त्या दोन वर्षांत कोणी विचारलाच नाही. तो आजही विचारता येईल. उत्तर द्यावयास मुले तयार आहेत.