पैशाची अनुमोदना



या व्याख्यानमालेत बहुतेक वर्षी साहित्यावर बोलले जाते. यंदा मंडळाने एका होमिओपॅथिक डॉक्टरला बोलावले आणि त्याने विषय निवडला पैशाचा. तेव्हा सुरुवातीलाच खुलासा करतो. कोणता शेअर घ्यावा हे मी सांगणार नाही, तो माझा अभ्यास नाही. या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येकाचा पैसा कुठल्या ना कुठल्या कंपनीत आहे. त्या पैशाबरोबर आपली संमतीही तिथे गेली आहे. ती संमती कशी वापरली जाते हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच.

पूर्वी कारखान्याचा मालक दिसायचा. आपल्या बेळगावातून बाहेर पडावे लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना काढला आणि त्याला लागून वस्ती उभी केली. मालक तिथेच राहत होता. कामगाराचे घर, पिण्याचे पाणी, मुलांची शाळा हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर होते. चांगला मालक असो वा वाईट, त्याला गाठून चार शब्द सुनावता येत होते.

आजच्या मोठ्या कंपनीचा मालक कोण? भागधारकांची यादी काढली तर वरच्या ओळींत विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, पेन्शन फंड अशी नावे असतात. यांना संस्थात्मक गुंतवणूकदार म्हणतात. पण या संस्थांकडे पैसा कुठून आला? आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, 1956 साली 245 खासगी विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून स्थापन झाली. आज तिच्याकडे 50 लाख कोटी रुपयांहून अधिक मालमत्ता आहे, आणि तिच्यात आपल्या आजोबांपासून नातवंडांपर्यंतचे हप्ते आहेत. युनिट ट्रस्टची 1964 सालची योजना अनेकांच्या घरी होती. भविष्यनिर्वाह निधीचा पैसा फक्त सरकारी रोख्यांत असतो असे अजूनही पुष्कळांना वाटते. ऑगस्ट 2015 पासून त्यातला काही भाग निफ्टी आणि सेन्सेक्सच्या फंडांमार्फत शेअर बाजारात जातो. म्हणजे आयुष्यात एकही शेअर न घेतलेला निवृत्त कारकूनसुद्धा देशातल्या मोठ्या कंपन्यांचा बारीकसा मालक आहे.

आता माझ्या घरातल्या परंपरेतला एक विचार मांडतो. जैन धर्मात कर्माचा हिशेब केवळ हातांनी केलेल्या कृतीवर थांबत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानले आहेत. कृत म्हणजे स्वतः केलेले, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेले, आणि अनुमोदित म्हणजे दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेले. श्रावकाने, म्हणजे गृहस्थाने, कोणते धंदे करू नयेत याचीही यादी आहे. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या योगशास्त्रात अशी पंधरा कर्मादाने येतात. जंगल तोडणे आणि जाळणे, तळी आटवणे, विषाचा व्यापार हे त्यांत आहेत. आज ज्याला पर्यावरणाची आणि समाजाची जबाबदारी म्हणतात, त्यातली बरीच कलमे या यादीत सापडतात.

आपल्या भागातल्या जैन व्यापाऱ्याने ही यादी दुकानापुरती थोडीफार पाळलीही. पण पॉलिसीच्या हप्त्यातून आपलाच पैसा विषवाणिज्यात गेला तर? तिथे आपण काही करत नाही, करवूनही घेत नाही. पण पैसा आपला असतो, नफ्यात वाटा असतो आणि तोंड बंद असते. याला अनुमोदना नाही तर काय म्हणायचे?

उदाहरण तंबाखूचे घेतो, कारण आपल्याइतके तंबाखू कुणाला कळणार! निपाणी इथून फार दूर नाही. तिथल्या वखारी, विडी वळणाऱ्या बायका, 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी महामार्गावर बसलेले शेतकरी आणि तो गोळीबार, हे सारे आपल्या पिढीने पाहिले आहे. निपाणीचा तंबाखू विडीचा. सिगारेटचा तंबाखू मुख्यतः आंध्रातला आणि म्हैसूरकडचा. पण तोंडातला पांढरा चट्टा आणि छातीतला खोकला हा भेद करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात तंबाखूमुळे दरवर्षी 13 लाखांहून अधिक माणसे मरतात.

आता दुसरी बाजू पाहू. देशातली सर्वांत मोठी सिगारेट कंपनी आयटीसी. तिचे सुमारे 15-16 टक्के शेअर अलीकडच्या वर्षांत एलआयसीकडे आहेत. जुन्या युनिट ट्रस्टकडून आलेला मोठा हिस्सा सरकारच्या ताब्यातल्या एका उपक्रमाकडे आहे. त्याच सरकारने 2003 साली तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला, 2004 साली तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली आणि 2010 साली सिगारेटनिर्मितीत थेट परदेशी गुंतवणुकीस मनाई केली. 2017 साली काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांत टाटा मेमोरियलमधले कर्करोगाचे शल्यविशारद होते आणि तोंडाच्या कर्करोगाने पती गमावलेल्या एक बाई होत्या. सार्वजनिक विमा कंपन्यांनी तंबाखूत पैसा का ठेवावा, असा त्यांचा सवाल होता. माणसाच्या दीर्घायुष्यावर ज्या संस्थेचा धंदा उभा आहे, तिने आयुष्य तोडणाऱ्या वस्तूच्या नफ्यात भागीदार असावे, ही विसंगती दाखवायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला असा की, विमेदाराला जास्तीत जास्त परतावा देणे हे एलआयसीचे कर्तव्य आहे आणि ही कंपनी लाभांश चांगला देते. खरे आहे. पण विमेदाराचे हित फक्त बोनसच्या आकड्यात मावते काय? बोनस घेणारा आणि कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलेला माणूस एकच असू शकतो.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांच्या आणि विडी कामगारांच्या पोटाचा. हा मला सर्वांत जड वाटतो. त्यांना पर्याय न देता बंदीची भाषा करणे निर्दयपणाचे आहे. पण शेअर कुणाकडे आहेत यावर निपाणीच्या शेतकऱ्याचा भाव ठरत नाही. उलट मोठ्या भागधारकाने शेतकऱ्याच्या पर्यायी पिकाचा प्रश्न सभेत विचारला, तर तो कुणीतरी विचारला असे होईल.

तिसरा आक्षेप : एकाने शेअर विकले तर दुसरा घेईल, सिगारेट तशीच विकली जाईल. इथे मला माझ्या वैद्यकाची भाषा वापरू द्या. आमच्याकडे रोग दाबणे आणि रोग बरा करणे यांत फरक करतात. वरून मलम लावून खरूज दिसेनाशी झाली म्हणजे रोगी बरा झाला असे आम्ही मानत नाही. शेअर विकून आपली यादी स्वच्छ करणे हेही कधी कधी असेच मलम असते. म्हणून विकायचे केव्हा आणि थांबून बोलायचे केव्हा, हा खरा प्रश्न आहे.

थांबून बोलल्याचे उदाहरण ब्राझीलचे आहे. 25 जानेवारी 2019 रोजी ब्रुमाडिन्यो येथे वाले या खाण कंपनीचा गाळ साठवणारा बांध फुटला आणि 270 माणसे गेली. जगात असे बांध किती, कुठे, कोणत्या अवस्थेत आहेत याची एकत्र नोंद तेव्हा कुणाकडेच नव्हती. ती मागितली इंग्लंडच्या चर्चच्या पेन्शन मंडळाने आणि स्वीडनच्या सरकारी पेन्शन फंडांच्या नीतिपरिषदेने. पाद्र्यांच्या म्हातारपणाची तजवीक करणारे हे मंडळ! त्यांनी इतर गुंतवणूकदारांना बरोबर घेऊन सुमारे 700 खाण कंपन्यांना पत्रे पाठवली : तुमच्या प्रत्येक बांधाची माहिती जाहीर करा, आणि खाली सर्वोच्च अधिकाऱ्याची सही हवी. मोठमोठ्या कंपन्यांनी माहिती दिली. ऑगस्ट 2020 मध्ये अशा बांधांसाठी जागतिक मानक प्रसिद्ध झाले. त्या गुंतवणूकदारांनी शेअर विकून हात झटकले असते तर ही नोंद करवून घेण्याचे वजन त्यांच्यापाशी राहिले नसते.

निघून गेल्याची उदाहरणेही आहेत. मेलबर्नच्या डॉ. ब्रॉनविन किंग कर्करोगावर किरणोपचार करत. 2010 साली त्यांना कळले की त्यांच्या स्वतःच्या निवृत्तिनिधीचा पैसा तंबाखू कंपन्यांत आहे. त्यांनी एकेका फंडाच्या प्रमुखाला भेटून समजावायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातले अनेक निवृत्तिफंड तंबाखूतून बाहेर पडले. 2016 साली अॅक्सा या फ्रेंच विमा कंपनीनेही तंबाखूतली गुंतवणूक काढून घेण्याचे जाहीर केले. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने 2010 सालीच जगभरच्या तंबाखू उत्पादकांना वगळले, आणि त्या यादीत आपली आयटीसीही आहे.

या दोहोंतून एक साधी कसोटी निघते. धंद्याची रीत वाईट असेल तर थांबावे, बोलावे, मत द्यावे, कारण रीत बदलता येते. बांध पक्का करता येतो, नदीत सोडायचे पाणी शुद्ध करता येते, कामगाराला मजुरी वाढवून देता येते. पण वस्तूच विष असेल, आणि योग्य रीतीने वापरली तरी माणूस मारत असेल, तर बोलून काय बदलणार? तिथून ठरावीक मुदतीत, जाहीरपणे, कारण सांगून बाहेर पडावे. गुपचूप विकलेला शेअर फक्त हात बदलतो. कारण सांगून विकलेल्या शेअरने इतरांनाही उत्तर द्यावे लागते.

आपल्या देशात यासाठी साधने नाहीत असे नाही. विमा नियामकाने 2017 साली आणि सेबीने म्युच्युअल फंडांसाठी 2019 च्या अखेरीस नियम आणले की, गुंतवलेल्या कंपनीवर लक्ष ठेवायचे, तिच्याशी बोलायचे आणि सभेत दिलेली मते जाहीर करायची. एप्रिल 2022 पासून म्युच्युअल फंडांना सर्व ठरावांवर मत देणे बंधनकारक आहे. विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मते लागतात, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक मते विरोधात गेली की ठराव पडतो. 2014 साली टाटा मोटर्सच्या संचालकांच्या मोबदल्याचे ठराव भागधारकांनी असेच पाडले होते. पगारासाठी हात वर होतो, तसा तो नदीसाठीही होऊ शकतो.

शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवालही द्यावा लागतो. पाणी, वीज, कचरा, अपघात, स्त्रियांचे प्रमाण, सगळे त्यात असते. हा कंपनीचा केसपेपर. पण केसपेपर रुग्ण सांगेल तसा लिहून चालत नाही. ‘व्यसन काही नाही डॉक्टर’ म्हणणाऱ्याचे दात पाहावे लागतात. आयटीसी पाणी आणि कार्बन यांबाबत स्वतःला जमेच्या बाजूला दाखवते, आणि त्या कामाचे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण पाणी जपून आणि झाडे लावून केलेली सिगारेट ही शेवटी सिगारेटच. अहवालातले गुण मोजताना मूळ वस्तू विसरायची नसते.

मग आपण काय करायचे? तीन गोष्टी सुचवतो. आपला पैसा ज्या म्युच्युअल फंडात आहे, त्याने वर्षभरात कोणत्या ठरावावर काय मत दिले हे त्याच्या संकेतस्थळावर असते. घरातल्या मुलांकडून ते काढून घ्यावे आणि एकदा तरी वाचावे. दुसरे, एलआयसीला विमेदार म्हणून पत्र लिहावे. पॉलिसी क्रमांक घालून दोनच प्रश्न विचारावेत : तंबाखूत आपली गुंतवणूक का आहे, आणि ती कमी करण्याचा काही कार्यक्रम आहे का? एका पत्राने काही हलणार नाही. पण ज्या संस्थेच्या पॉलिस्या घरोघर आहेत, तिला घरोघरचा प्रश्न फार काळ टाळता येत नाही.

तिसरी गोष्ट अगदी जवळची. देवस्थान, बोर्डिंग, शिक्षणसंस्था, पतसंस्था, वाचनालय यांच्या विश्वस्त मंडळांवर या सभागृहातले कितीतरी जण आहेत. या संस्थांकडेही निधी आहे. म्हणजे लहान प्रमाणात आपणच संस्थात्मक गुंतवणूकदार आहोत. कायद्याने ठरवून दिलेल्या चौकटीत राहूनही, पैसा कुठे ठेवायचा हे ठरवताना दोन ओळींचे धोरण लिहिता येते : आम्ही कशात पैसा ठेवणार नाही, आणि ज्यात ठेवू तिथे काय विचारू. आपल्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत अशा धोरणाचा ठराव मांडावा, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. त्यावर भांडण झाले तरी चालेल, पण ते सभेत व्हावे आणि त्याची इतिवृत्तात नोंद राहावी.