ठिपक्यांतून उमटणारे अक्षर

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आपल्यापैकी काहींच्या शाळेत अजूनही एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. चालू असला म्हणजे त्याचा कर्कश आवाज सर्व वर्गांत ऐकू जातो. बंद असला म्हणजे त्याच्यावर हजेरीपुस्तकांचा ढीग चढतो. त्याच्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. कारण या यंत्रामुळे, खरे म्हणजे माझ्या दुर्लक्षामुळे, एका मुलीचे आडनाव एकदा चुकले होते.

प्रथम अक्षर कसे उमटते ते पाहू. छापखान्यातील खिळ्यावर अक्षर आधीच घडविलेले असते, टाइपरायटरचेही तेच. या यंत्रात मात्र तसा खिळा नाही. त्याच्या हेडमध्ये तारेसारख्या बारीक पिना एकीखाली एक बसविलेल्या असतात. साध्या यंत्रात नऊ, सुबक छपाईच्या यंत्रात चोवीस. विद्युत्‌चुंबकाच्या जोरावर पिन पुढे झेपावते, शाईच्या रिबनीवर आदळते आणि कागदावर एक ठिपका पडतो. जपानच्या एप्सन कंपनीने १९८० साली काढलेले एमएक्स-८० हे नऊ पिनांचे यंत्र अशा रीतीने सेकंदाला ८० अक्षरे छापीत असे. रांगोळीत ठिपके मांडून ते रेघांनी जोडावे लागतात. येथे ठिपकेच इतके जवळ पडतात की डोळ्यांस रेघ भासते.

मुलांना हे चौकटीच्या कागदावर सहज दाखविता येईल. 'ग' घ्या. हेड आडवे सरकत असता शिरोरेघेसाठी एकच पिन पुन्हा पुन्हा ठोका देते. पण काना आला की खालपर्यंतच्या सर्व पिना एकदम आदळतात. आडव्या रेघेला अनेक ठोके, उभ्या रेघेला एकच! रोमन अक्षरांचे आराखडे यंत्राच्या स्मृतीत असतात. आपली नागरी बहुतेक यंत्रांत नसते. म्हणून संगणक तिचे ठिपक्यांचे चित्रच पाठवितो. शिवाय वर मात्रा, खाली उकार. तेव्हा नऊ पिनांच्या उंचीत एक ओळ नीटशी मावत नाही, हेडला अधिक फेरे घालावे लागतात व काम रेंगाळते.

आता यातूनच दोष ओळखता येतो. पिना उभ्या रांगेत, म्हणून एक मोडली किंवा अडकली की ओळीतून आडवी पांढरी रेघ जाते. आमच्या यंत्रात ती कित्येक आठवडे जात होती. वाचता तर येते ना, असे म्हणून मी चालविले. ती रेघ नेमकी मात्रांच्या पट्ट्यातून जाई. शाळा सोडल्याच्या एका दाखल्यावर आडनावाचा अनुस्वार गळला, मी न ताडता सही केली, आणि पुढल्या शाळेने ते तसेच उतरवून घेतले. आमच्या जनरल रजिस्टरात नाव बरोबर होते म्हणून निभावले. पण दुरुस्तीच्या खेपांत वडिलांची मजुरी बुडाली ती बुडालीच.

सगळीच छपाई फिकी आली तर पिनांना दोष देऊ नये. रिबन सुकली असेल, नाहीतर कागदाच्या जाडीप्रमाणे हेड मागेपुढे करणारी कळ चुकीच्या जागी असेल. कार्बन लावून तीन प्रती काढावयाच्या तर ती कळ मागे घ्यावी. काम झाले की पुन्हा जागेवर आणावी. फार जवळ राहिली तर पिना रिबनीत अडकून मोडतात. सुकलेल्या रिबनीवर शिक्क्याची शाई ओतण्याची काटकसर मात्र कृपा करून करू नका. रिबनीच्या शाईत पिनांपुरते वंगण असते. शिक्क्याच्या शाईत ते नसते, आणि ती पिनांच्या भोकांत घट्ट होण्याचा संभव असतो.

कागदाचा भुसा वीज बंद करून मऊ कुंचल्याने झाडावा. रबरी रुळाला पेट्रोल लावू नये. यंत्र चालू असता हेड हाताने ढकलू नये, आणि छपाई संपताच त्यास बोट लावू नये, चांगलेच पोळते. मोडलेली पिन घरी बदलण्याच्या भरीस पडू नका, ते कारागिराचे काम.

बहुतेक यंत्रांत कागद पुढे सरकविण्याचे बटण दाबून धरून वीज चालू केली की संगणकाविना नमुना छापला जातो. नमुना स्वच्छ आला तर दोष संगणकाकडे किंवा जोडणीच्या तारेत शोधावा. मी महिन्यातून एकदा असा नमुना काढतो आणि तारीख घालून दाखल्यांच्या फायलीतच लावून ठेवतो.