सी.टी. स्कॅनला जाण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वाळूजवरून पुण्याचा हमरस्ता जातो. शेजारी कंपन्या आहेत, शिफ्टला जाणारी माणसे रात्री-अपरात्री मोटारसायकलवर असतात. कोणाच्या डोक्याला मार लागला, की दवाखान्यात पहिला शब्द कानी पडतो तो सी.टी. स्कॅनचा. तो ऐकताच आपल्या पोटात गोळा येतो. एक म्हणते, यंत्रात कोंडून ठेवतात. दुसरी म्हणते, त्याने कॅन्सर होतो. मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखीच घर सांभाळणारी आहे. म्हणून विचारून-वाचून समजले ते घरच्या भाषेत सांगते.

क्ष-किरणांचा शोध जर्मनीत रंट्गेन यांनी १८९५ साली लावला. त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडे आणि बोटातली अंगठी दिसली. साध्या एक्स-रेत आतले सगळे एकावर एक पडलेले दिसते. सी.टी.मध्ये किरण शरीराभोवती फिरतात आणि पावाचे काप करावेत तसे एकेका थराचे चित्र संगणक तयार करतो. हे यंत्र इंग्लंडच्या हाउन्सफील्ड यांनी बनवले. १९७१ साली लंडनमध्ये ज्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र त्यावर निघाले, ती एक बाईच होती. या कामासाठी १९७९ साली हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ही तपासणी का टाळू नये ते सांगते. अर्धांगाचा झटका आला, की बाहेरून पाहून कळत नाही, की मेंदूतली नस गुठळीने बंद झाली आहे की फुटली आहे. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण नस फुटली असेल तर तेच औषध जिवावर बेतते. हा निवाडा सी.टी. काही मिनिटांत करते. डोक्याला मार लागून उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, तर "सकाळी बघू" म्हणून माणसाला घरी निजवू नका.

पण म्हणून हौसेनेही काढू नये. मातीतून, आकाशातून थोडे किरण आपल्याला रोजच लागतात. डोक्याच्या एका सी.टी.त साधारण वर्षभराचे, तर पोटाच्या सी.टी.त सुमारे तीन-चार वर्षांचे किरण एकदम लागतात. एका तपासणीने होणारा धोका फार लहान असतो; पण पुन्हा पुन्हा केल्यास तो वाढत जातो, आणि मुलांना अधिक जपावे लागते. करोनाच्या काळात ज्याच्या त्याच्या तोंडी "स्कोअर किती?" हाच प्रश्न होता. २०२० च्या सप्टेंबरात छातीच्या सी.टी.चे दर सरकारला ठरवून द्यावे लागले. तेव्हा गरजू रुग्ण होते, तसे केवळ भीतीपोटी रांगेत उभे राहिलेलेही होते. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "याने उपचारात काय फरक पडेल? सोनोग्राफीने भागेल का?" विचारण्यात उद्धटपणा नाही.

भगिनींनो, माझे मुख्य सांगणे पुढेच आहे. आपण बायका गप्प बसतो. पाळी चुकलेली असते, पण बरोबर सासरे असतात, दीर असतो. लाजेने शब्द फुटत नाही. असे करू नका. नर्सताईला बाजूला बोलवा, नाहीतर चिठ्ठीवर लिहून द्या. पण किरण लागण्याआधी सांगा. मग डॉक्टर दुसरी तपासणी सुचवतील, किंवा जिवाची निकड असेल तर विचार करून हीच करतील. सासूबाईंनीही सुनेला आधीच जवळ घेऊन विचारावे.

काही वेळा शिरेतून आयोडीनचे औषध देतात, त्याने नसा स्पष्ट दिसतात. त्याआधी मूत्रपिंडाचा आजार, दमा, थायरॉइड आणि पूर्वी अशा इंजेक्शनने आलेली पुरळ हे सांगावे. साखरेच्या गोळ्या, विशेषतः मेटफॉर्मिन, चालू असतील तर चिठ्ठी दाखवावी; आपल्या मनाने गोळी बंद करू नये. उपाशी राहायचे का, किती तास, हेही विचारून घ्यावे.

यंत्र म्हणजे बंद पेटी नव्हे, मोठे कडे आहे. त्यातून आपला पलंग सरकतो. ज्या भागाचे चित्र काढायचे तिथला धातू चित्र बिघडवतो. म्हणून डोक्यासाठी पिना आणि कानातले, छातीसाठी मंगळसूत्र काढून घरच्या माणसाकडे द्यावे. त्यात अशुभ काही नाही. औषध शिरेत जाताना अंगभर ऊब येते, लघवी झाल्यासारखे वाटते; घाबरू नये. पण खाज सुटली, श्वास अडला, तर तत्काळ सांगावे. नंतर किरण अंगात राहत नाहीत. बाळाला जवळ घ्यायला हरकत नाही. आयोडीनचे औषध दिले असले तरी अंगावरचे दूध सहसा तोडावे लागत नाही.

शेवटी, रिपोर्ट आणि फिल्म एका पिशवीत जपून ठेवा. दुसऱ्या दवाखान्यात जाताना ती पिशवी बरोबर न्या, म्हणजे तीच तपासणी दुसऱ्यांदा करावी लागणार नाही. पैसेही वाचतील, किरणही.