पठ्ठे बापूराव : कीर्ती आणि कमाई

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस एक रस्ता आहे. इंग्रजी अमदानीत त्याचे नाव फॉकलंड रोड असे होते, आणि जुने लोक आजही तो त्याच नावाने ओळखतात. महानगरपालिकेच्या दप्तरी मात्र तो पठ्ठे बापूराव मार्ग होय. ह्याच परिसरात ‘प्ले हाऊस’ ह्या शब्दाचा अपभ्रंश होऊन बनलेले पिला हाऊस आहे. एके काळी येथील थिएटरांत नाटके व तमाशे चालत, पुढे त्यांची चित्रपटगृहे झाली. आणि आसपासच्या वस्तीचा लौकिक काय आहे, हे सुज्ञ श्रोत्यांस सांगावयास नको. ज्या शाहिरास सामान्य लोकांनी डोक्यावर घेतले व जातभाईंनी दूर लोटले, त्याचे नाव नेमके ह्याच रस्त्यास मिळावे, ह्यात गौरव किती आणि उपहास किती, ते ठरविणे सोपे नाही. बापूरावांच्या कीर्तीविषयीचा सारा वाद ह्या एका पाटीत येऊन बसला आहे असे म्हटले तरी चालेल.

बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष ह्या गावी झाला. घर ब्राह्मणाचे, वंशपरंपरेने कुलकर्णीपण चालत आलेले. अशा घरातील मुलाने दप्तर सांभाळावे, चार अक्षरे कीर्तनाला बसून ऐकावी, हा त्या काळचा रिवाज. हा मुलगा मात्र ढोलकीच्या नादी लागला. घरदार व वतन ह्यांचा मोह सोडून तो तमाशाच्या फडात शिरला. तमाशा हा त्या काळी मुख्यतः महार, मांग व कोल्हाटी ह्या समाजांतील कलावंतांच्या श्रमावर उभा असलेला धंदा होता. त्यात एका कुलकर्ण्याने उतरावे, तेथेच जेवावे, राहावे, ह्याने गावात केवढी खळबळ उडाली असेल, ह्याची कल्पना आज करणेही कठीण आहे.

ब्राह्मणाने लावणी रचणे ही गोष्ट तशी नवी नव्हती. पेशवाईत सोलापूरचे राम जोशी ह्यांनी तेच केले होते. होनाजी जातीने गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. शाहिरीच्या दरबारात जातीची मोजदाद पूर्वीही फारशी झालेली नाही. परंतु त्या काळच्या शाहिरांपुढे श्रोता होता तो पेशव्यांचा दरबार आणि सरदारांचे वाडे. दुसऱ्या बाजीरावाने बिदागी दिली की शाहिराचे वर्ष निभावत असे. पेशवाई बुडाली, दरबार मोडले, आणि शाहिरास नवा धनी शोधणे भाग पडले. तो धनी त्यास मुंबईत मिळाला. सातारा, पुणे, नगर, कोकण येथून आलेला गिरणीकामगार दिवसभर साच्यापुढे उभा राही. रात्री दोन-चार आणे मोडून तो खेळ पाहावयास येई, आणि आपल्या गावची बोली व आपल्या जत्रेतील ढोलकी त्यास तेथे ऐकावयास मिळे. बापूरावांच्या व्यावसायिक यशाचे मर्म येथे आहे. एका राजाची मर्जी राखण्यापेक्षा हजार मजुरांची मर्जी राखणे अधिक कठीण असते, कारण राजा एकदाच रुसतो, मजूर रोज रात्री रुसू शकतो. बापूरावांनी ही मर्जी दीर्घकाळ राखली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांपुढेही त्यांनी ‘मिठाराणी’चा वग सादर केला होता, म्हणजे दरबारचा मानही त्यांस मिळालाच. परंतु त्यांच्या लौकिकाचा पाया तिकिटाच्या खिडकीवर रचलेला होता, ही गोष्ट त्यांचे चाहतेही नाकारीत नाहीत.

आता वादाकडे वळावयाचे. पहिला आक्षेप रचनेवरचा आहे. बापूरावांनी दोन लाख लावण्या केल्याची गोष्ट वारंवार सांगितली जाते, आणि तिचा उगम खुद्द त्यांच्याच बोलण्यात आहे. गणिताच्या तासाला मुलांस घालावे असे हे उदाहरण आहे. पन्नास वर्षे एकही दिवस खंड न पाडता लिहीत गेल्यास दररोज जवळजवळ अकरा लावण्या पडतात. शिवाय फड चालवावयाचा, प्रवास करावयाचा, आणि रात्र रात्र बोर्डावर उभे राहावयाचे. छापून हाती आलेल्या रचना ह्या आकड्याच्या मानाने अगदीच थोड्या आहेत. तेव्हा हा आकडा शब्दशः घेण्यात अर्थ नाही. परंतु एवढ्यावरून बापूरावांस बढाईखोर ठरविणारे टीकाकार शाहिरीची रीतच विसरतात. फडात दोन पक्ष समोरासमोर उभे राहून सवालजवाब घालीत, एक कलगीचा कैवार घेई, दुसरा तुऱ्याचा. प्रतिपक्षास नामोहरम करण्यासाठी आपले सामर्थ्य शंभरपट करून सांगणे हा त्या कलेचा एक अलंकारच होता, आणि शेवटच्या चरणात आपले नाव गुंफून रचनेवर मोहोर उठविणे हा हक्क होता.

ह्या ठिकाणी सातासमुद्रापलीकडील एक उदाहरण आठवते. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास कृष्णवर्णीय तरुणांनी तालावर बोलण्याची जी कला उभी केली, तिला रॅप म्हणतात. तेथेही प्रतिस्पर्ध्यास शब्दांनी चीत करावयाचे, स्वतःचे नाव गाण्यात घालावयाचे, आणि आपल्या थोरवीचे आकडे फुगवून सांगावयाचे, हीच रीत. जे-झी ह्या नावाने गाजलेल्या गायकाने २००३ सालच्या एका गीतात उघडपणे कबूल केले की श्रोत्यांसाठी आपण आपली वाणी सोपी केली व त्यामुळे मिळकत दुपटीवर गेली. २०१९ साली एका अमेरिकन नियतकालिकाने त्यास अब्जाधीशांत गणले, आणि तो कवी थोर की व्यापारी थोर, हा वाद तेथे अद्याप चालू आहे. नागपूरच्या दक्षिण सीमेवरील हुडकेश्वरास, जेथे शेते जाऊन त्यांच्या जागी लेआऊट पडले, तेथील तरुण मुलेही आज भ्रमणध्वनीवर हीच गाणी ऐकतात. त्यांच्या आजोबांनी ऐकलेली खडी गंमत त्यांच्या कानी क्वचितच पडते. विदर्भाच्या खडी गंमतीत शाहीर, ढोलकी, सोंगाड्या आणि स्त्रीवेष घेतलेला नाच्या हीच मंडळी असतात. ह्या मुलांस बापूराव समजावून द्यावयाचे झाल्यास रॅपच्या वाटेने जाणे सोयीचे पडेल. असो.

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. बापूरावांच्या शृंगारिक रचनांत द्व्यर्थी शब्द आहेत, हे खरेच आहे. परंतु त्याच फडात आधी गण होई, मग गौळण होई, आणि त्यानंतर लावणी व वग. गणेशाला वंदन करणाऱ्या आणि भेदिकात वेदान्ताचे कोडे घालणाऱ्या त्याच मुखातून शृंगारही येई. ज्यांस केवळ शृंगार आठवतो, त्यांनी खेळास उशिरा जाऊन आपली जागा पकडली असावी. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारनेही तमाशावर निर्बंध घातले आणि त्याच्या सुधारणेसाठी समिती नेमली. बापूराव तोवर हयात नव्हते. ह्या आक्षेपात फार वेळ घालविण्याजोगे काही नाही. खरा काट्याचा प्रश्न पुढेच आहे.

तो प्रश्न पवळाबाईंचा. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा ह्या गावची ही महार समाजातील कलावतीण. त्यापूर्वी तमाशात स्त्रीची भूमिका नाच्या करीत असे. बोर्डावर प्रथम उभी राहिलेली स्त्री असा पवळाबाईंचा लौकिक सांगितला जातो. तिचे रूप, तिचा आवाज आणि तिची अदा ह्यांनी मुंबई वेडावली. बापूराव व पवळा ही जोडी जमली आणि फडाचे नाव सर्वतोमुखी झाले. ती जोडी फुटली, तेव्हा फडाची उतरती कळा लागली. म्हणजे तिकीट विकले जात होते ते कोणाच्या बळावर? शब्द बापूरावांचे होते, ही गोष्ट खरी. परंतु शब्द कागदावर राहिले असते तर गिरणीकामगाराने त्यासाठी आणे मोजले नसते. असे असूनही आजवर लिहिल्या गेलेल्या बहुतेक चरित्रांत पवळाबाई येतात त्या शाहिराच्या आयुष्यातील एक रम्य प्रकरण म्हणून. फडाची भागीदारीण म्हणून नव्हे.

ह्याच मुद्द्यावर एक प्रसंग फार बोलका आहे. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला. त्या चळवळीस साहाय्य म्हणून आपल्या खेळांचे उत्पन्न देण्याची इच्छा बापूरावांनी दर्शविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते द्रव्य स्वीकारण्याचे नाकारले. अस्पृश्य समाजातील स्त्रियांस नाचवून मिळविलेला पैसा त्याच समाजाच्या मुक्तीच्या कार्यास नको, ही त्यामागील भूमिका होती. येथे दोन्ही बाजूंस थोडे थांबणे इष्ट आहे. बापूरावांच्या दृष्टीने पाहिले तर ज्या लोकांत त्यांनी आयुष्य काढले, ज्यांच्या पंक्तीस बसल्यामुळे स्वतःची जात गमावली, त्यांच्याच लढ्यास ते आपली कमाई देऊ करीत होते. ह्यात ढोंग नव्हते असे मानावयास हरकत नाही. परंतु कुलकर्ण्याने जात सोडली, तेव्हा तो बंडखोर म्हणून गाजला. पवळेने जातीप्रमाणे नाच केला, तेव्हा ती कलावतीण म्हणून बाजारात उभी राहिली. एकाच बोर्डावर उभ्या असलेल्या दोघांस समाजाने दोन मापे लावली. बाबासाहेबांचा नकार ह्या मापांवर होता, एका शाहिराच्या हेतूवर नव्हता. इतिहासकार शैलजा पाईक ह्यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा प्रश्न विस्ताराने मांडला असून पवळाबाई व बापूराव ह्यांची कथा त्यात महत्त्वाच्या स्थानी आहे. ज्यांनी केवळ चित्रपटांतून बापूराव पाहिले, त्यांनी तो ग्रंथ अवश्य वाचावा.

आंबेडकरी चळवळीने नुसता नकार देऊन हा प्रश्न सोडला नाही. तिने जलसा उभा केला. भीमराव कर्डक प्रभृतींनी तमाशाचाच साचा घेतला, ढोलकी ठेवली, सोंगाड्याचा विनोद ठेवला, सवालजवाब ठेवले. परंतु बाईचा नाच काढून टाकला आणि गणाच्या व गौळणीच्या जागी नवा आशय घातला. पुढे वामनदादा कर्डक आले, विठ्ठल उमप आले. उमपांचा अंत २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, व्यासपीठावर उभे असतानाच झाला, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. ह्या शाहिरांची कमाई बापूरावांच्या भर काळातील कमाईच्या पासंगासही पुरली नसेल. परंतु त्यांच्या वारशाविषयी असा वाद होत नाही. त्यांनी पैसा कोठून आला, हा प्रश्न आधीच सोडविला होता.

आणि बापूरावांचा पैसा गेला कोठे? तमाशाचे अर्थकारण ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हे कोडे पडत नाही. फडात पंधरा-वीस माणसे. त्यांचे खाणेपिणे, कपडे, प्रवास फडमालकाकडे. दसऱ्यापासून जत्रांचा हंगाम उतरेपर्यंत गावोगाव फिरावयाचे, पावसाळ्यात शहरातील थिएटराचा आसरा घ्यावयाचा. थिएटरचा मालक व कंत्राटदार आपला वाटा आधी कापून घेतात. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडता फेडता पुढील हंगामाची उचल डोक्यावर येते. लावणी एकदा गाइली की ती दुसऱ्या फडाची होते. तिच्यावर रचणाऱ्यास पै मिळत नाही. शेवटच्या चरणातील नाव हीच काय ती त्याची मालकी, आणि तेही गाणाऱ्याने बदलले तर दाद कोणाकडे मागावी? जे-झीने आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क हाती घेतले. बापूरावांपाशी विकावयास केवळ आजची रात्र होती. रात्र संपली की गल्ला संपला. म्हणून ज्यांस ‘व्यावसायिक यश’ म्हणून हिणविले जाते, ते यश पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरणारे असले तरी मिळविणाऱ्याच्या गाठीस उरणारे नव्हते.

२२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात, वयाच्या ७९ व्या वर्षी, बापूरावांचे निधन झाले ते दारिद्र्यात. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला व तुफान चालला. १९५० साली ‘पठ्ठे बापूराव’ आला. मरणोत्तर का होईना, शाहीर पुन्हा तिकिटावर गेले, आणि ह्या वेळी मध्यमवर्गीय कुटुंबेही त्यांना पाहावयास आली. ज्या लावणीस त्यांनी घराचे दार बंद केले होते, तिला त्यांनी चित्रपटगृहात खुर्चीवर बसून दाद दिली. दोन्ही चित्रपटांचे नायक ब्राह्मण शाहीर आहेत, हा योगायोग म्हणून सोडून देणे फार सोयीचे होईल. जन्मतः फडातच असलेल्या शेकडो कलावंतांनी तीच कला तितक्याच जिद्दीने जोपासली. त्यांनी काही सोडले नाही, कारण सोडण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते, आणि त्यागाची कथा नसेल तर चरित्रकारास लिहावयास काही सापडत नाही.

ह्याचा अर्थ बापूरावांची रचना कमी प्रतीची ठरते असा नव्हे. त्यांच्या गणातील नाद, गौळणीतील खट्याळपणा आणि लावणीतील शब्दांची फेक आजही ढोलकीवाल्यास हात आवरू देत नाही. अनेक फडांत खेळ सुरू होतो तो त्यांच्याच गणाने. बोर्डावरील गायिकेस रचणाऱ्याचे नाव ठाऊक असते. पवळाबाईंचे नाव सांगणारा चरण त्या खेळात नाही, आणि फॉकलंड रोडच्या पाटीवरही ते नाही.