काळ्या दगडाचा साक्षीदार



आपल्या घरांच्या पायात आणि अजिंठ्याच्या लेण्यांत जो काळा दगड आहे, तो लाव्हाचा. त्याच्या वयाची साक्ष एक सागरी जीव देतो. पैठणहून वाहणारी गोदावरी जेथे समुद्राजवळ पोचते, त्या राजमहेंद्रीला याच लाव्हाच्या दोन थरांमध्ये समुद्राचा गाळ आहे. त्यात फोरामिनिफेरांची कणाएवढी कवचे मिळाली. तो शोध २००८ साली प्रसिद्ध झाला. भिंगाखाली शेवटच्या वेढ्यातले कप्पे मोजायचे, तोंडाचा आकार पाहायचा, मगच जातीचे नाव ठरवायचे. त्या जाती डायनासोरांच्या अंतानंतर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या संहारानंतर लगेच उपजलेल्या निघाल्या. म्हणजे खालचा लाव्हा त्याआधीचा. कप्प्यांची मोजणी चुकली, तर नाव चुकते. नाव चुकले, तर पर्वताचे वय चुकते!