उतरणीची वाट आणि तिचे नाव



सुवर्णमहोत्सवाच्या या समारंभात मी सायकलवर बोलण्याचे योजिले, याचे आपल्यापैकी कित्येकांस आश्चर्य वाटेल. आपल्या सिलतऱ्याच्या भट्ट्यांत पोलाद होते. पण इथली भूमी तळहातासारखी सपाट. आपल्या मुलांना घाटाची उतरण ठाऊक नाही, तरी डोंगरी सायकल मात्र त्यांच्या दारात येऊन उभी आहे. तिचा उगम ज्या वाटांशी निगडित आहे, त्यांतील एका वाटेची हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळ, वणवा विझविण्यास जाता यावे म्हणून केलेला एक कच्चा डोंगरी रस्ता आहे. सुमारे दोन मैलांत तो तेराशे फूट खाली येतो. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली गोळा करून त्या रस्त्याने भरधाव उतरू लागले. पेडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पायथ्याशी पोचेतो तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे. पुन्हा उतरण्यापूर्वी हब खोलून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या वाटेस 'रिपॅक' हे नाव पडले.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. एकेकाला सोडावयाचे आणि घड्याळ लावून वेळ मोजावयाचा, अशी रीत होती. या शर्यती चार्ली केली भरवीत. उतरणाऱ्यांपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ साली अशा वाटांसाठी खास फ्रेम घडविली, आणि १९७९ साली गॅरी फिशर व केली यांनी या सायकलींचा व्यवसाय आरंभिला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलच्या शर्यतीस स्थान मिळाले.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या वाटेला कोणा विजेत्याचे नाव मिळाले नाही. हात काळे करून कराव्या लागणाऱ्या कामाचे मिळाले.

आपल्या बोरघाटाचेही असेच नाही का? १८३० साली तेथून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली आगगाडी घाट चढली. त्या कामांवरील साहेबांची नावे आज किती जणांना आठवतात? परंतु साहेबांना घाटाची वाट दाखविणारा धनगर शिंग्रोबा, अशी जी लोककथा आहे, त्या शिंग्रोबाच्या देवळापाशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाणारा वाटसरू आजही हात जोडतो.

या स्मरणिकेत अध्यक्षांची व चिटणीसांची नावे छापली जातील. ते योग्यच आहे. पण आरंभीच्या गणेशोत्सवात सतरंज्या कोणी अंथरल्या, मोदक कोणी वळले, आणि ती माणसे कोणत्या गावाहून, कोणत्या वाटेने इकडे आली, हे कोण लिहिणार? माझ्या वडिलांना मी त्यांची वाट कधी विचारली नाही. आता विचारण्यास ते नाहीत.

म्हणून मुलांना माझे एवढेच सांगणे आहे : ज्यांच्या घरी आजोबा-आजी आहेत, त्यांनी आज रात्रीच त्यांना विचारावे, आणि ऐकलेले वहीत उतरून ठेवावे.